पित्तमार्गांतील जंतूंचा उपद्रव

मराठी घरांतून ‘पित्त’ हा शब्द जितक्या मोकळेपणानें योजला जातो, तितक्या मोकळेपणानें वैद्यकांतला दुसरा एखादा शब्द क्वचितच योजला जात असेल. उपासाच्या दिवशीं डोकें दुखूं लागलें कीं पित्त झालें. तिखट खाऊन छातींत जळजळलें कीं पित्त वाढलें. अंगावर गांधी उठल्या तरी तें पित्तच. आणि घरांतील वडील माणूस संतापलें तर त्याचेंहि पित्तच खवळलें! या सर्व प्रसंगांशीं ज्याचा फारसा संबंध नसतो असें खरेंखुरें पित्त मात्र यकृतांत रात्रंदिवस पाझरत असतें, आणि तें आपलें काम इतक्या मुकाट्यानें करीत असतें कीं, त्याची आठवण कोणासहि होत नाहीं. ती होण्याची पाळी येते ती त्याची वाट अडल्यावर. तुंबलेल्या पित्तांत जंतूंनीं ठाणें दिलें, म्हणजे धडधाकट दिसणारें माणूसहि एकदोन दिवसांत अत्यवस्थ होऊं शकतें. या दुखण्याची ओळख घरोघरीं असणें अवश्य आहे. कारण त्याचीं लक्षणें दुर्मिळ नसून अतिपरिचित आहेत, आणि त्या परिचित नांवांखालींच तीं माणसाला फसवितात. वर्धा जिल्ह्यांत सेवाग्राम आणि सावंगी येथें दोन मोठीं वैद्यकीय महाविद्यालयें खेड्यांच्या मधोमध उभीं आहेत; परंतु रुग्णालय जवळ असल्यानें हा धोका आपोआप टळत नाहीं. रोग ओळखून रुग्ण वेळेवर तेथें न्यावा लागतो, आणि तें काम घरच्या माणसांचें असतें.

पोटाच्या उजव्या बाजूस बरगड्यांच्या आड यकृत असतें. तें दिवसाकाठीं सुमारें अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतें. हा हिरवट-पिवळा कडू रस बारीक बारीक नळ्यांतून एका मुख्य पित्तनलिकेंत येतो आणि तिच्यावाटे लहान आंतड्यांत उतरतो. स्निग्ध पदार्थ पचविणें हें त्याचें मुख्य काम. जेवणाजेवणांच्या मधल्या वेळांत त्यांतील कांहीं भाग पित्ताशय नांवाच्या पेरूच्या आकाराच्या पिशवींत सांठतो व तेथें दाट होतो. ही पिशवी लहानशीच; तिच्यांत तीस ते पन्नास मिलिलिटर एवढेंच पित्त मावतें. तुपातेलाचें जेवण आंतड्यांत उतरलें कीं पिशवी आकुंचन पावते आणि आपला सांठा ओतून देते.

ज्या आंतड्यांत ही नलिका उघडते, तें जंतूंचें माहेरघरच आहे. त्यांतहि खालच्या भागांत तर त्यांची गणति करणें कठीण. तरीहि निरोगी माणसाच्या पित्तांत सामान्यतः जंतु आढळत नाहींत. निसर्गानें तेथें चांगला बंदोबस्त केला आहे. नलिकेच्या तोंडाशीं स्नायूंचें एक वर्तुळाकार दार असतें. रुग्जेरो ओद्दी या इटालियन विद्यार्थ्यानें १८८७ सालीं त्याचें वर्णन केल्यामुळें तें त्याच्याच नांवानें ओळखलें जातें. हें दार पित्ताला बाहेर सोडतें, पण आंतड्यांतील माल सहसा आंत येऊं देत नाहीं. दुसरें असें कीं, पित्ताचा ओघ सारखा खालीं वाहत असतो, आणि चुकूनमाकून आंत शिरलेला जंतु त्या ओघाबरोबर धुऊन जातो. पित्तांतील क्षारहि पुष्कळ जंतूंना मानवत नाहींत. शिवाय यकृतांत जंतूंना गिळणाऱ्या पेशींचा पहारा असतोच. वाहत्या ओढ्याचें पाणी निर्मळ राहतें आणि अडलेल्या डबक्याला शेवाळ धरतें, हा अनुभव शरीराच्या आंतहि खरा आहे.

ओघ अडण्याचें सर्वांत सामान्य कारण म्हणजे खडा. पित्तांतील कोलेस्टेरॉल नांवाचा मेदयुक्त पदार्थ प्रमाणाबाहेर झाला किंवा पित्ताशय नीट रिकामा होईनासा झाला, म्हणजे त्याचे कण बसून पिवळसर खडे होतात. दुसरे खडे काळे असतात व ते रक्तांतील रंगद्रव्याचे बनतात. विदर्भांत या काळ्या खड्यांना विशेष महत्त्व आहे. कारण सिकल सेल नांवाचा आनुवंशिक रक्तदोष येथें पुष्कळ कुटुंबांतून आढळतो. भारतांत हा दोष प्रथम १९५२ सालीं निलगिरीच्या आदिवासींत नोंदला गेला, आणि पुढें मध्य भारतांत त्याचा विस्तृत पट्टा असल्याचें दिसून आलें. निरोगी तांबडी रक्तपेशी सुमारें १२० दिवस जगते. सिकल सेलच्या रुग्णाची पेशी अवघी दहा ते वीस दिवस टिकते. फुटलेल्या पेशींतील रंगद्रव्य यकृताला पित्तावाटे बाहेर टाकावें लागतें, आणि त्याचेच पुढें खडे बनतात. म्हणून जो विकार एरवीं चाळिशीच्या आसपास दिसावयाचा, तो या मुलांना शाळेच्या वयांतच गांठूं शकतो. तिसरा प्रकार विटकरी रंगाच्या मऊ खड्यांचा. ते स्वतः जंतूंचीच करणी असतात. जंतूंनीं सोडलेल्या पाचकद्रव्यांनीं पित्तांतील रंगद्रव्य विरघळेनासें होतें आणि सांका बसूं लागतो. म्हणजे खड्यामुळें जंतु येतात, तसेच जंतूंमुळें खडेहि होतात, असें हें दुहेरी चक्र आहे.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पित्ताशयांत खडा असणें म्हणजे संकट कोसळणें नव्हे. ज्यांच्या पोटांत खडे आहेत अशा बहुसंख्य लोकांना त्यांचा कांहींहि त्रास नसतो. दुसऱ्याच कारणासाठीं सोनोग्राफी करतांना ते सहज दिसून येतात. अशा मुक्या खड्यांच्या धन्यांपैकीं दरसाल शंभरांत एक ते चार जणांनाच त्रास सुरू होतो. यास्तव निव्वळ खडा दिसला म्हणून प्रत्येकानें शस्त्रक्रियेसाठीं धांवण्याचें कारण नाहीं. भीति धरावयाची ती खड्याची नव्हे, तर तो जाऊन अडकतो त्या जागेची.

ही जागा मुख्यतः दोन ठिकाणीं असते. पहिली पित्ताशयाच्या मानेशीं. तेथें खडा रुतला कीं पिशवी फुगते, तिच्या भिंती सुजतात, आणि उजव्या बरगडीखालीं असह्य कळ सुरू होऊन ती पाठींत, उजव्या खांद्याच्या फऱ्याकडे जाते. कळ येऊन तासादोन तासांत थांबली तर खडा सुटला असें समजावें. परंतु ती सहा तासांहून अधिक टिकली, ताप आला, आणि त्या जागीं बोट दाबून श्वास घेण्यास सांगतांच रुग्णाचा श्वास अर्ध्यावर थांबला, तर पित्ताशयाचा दाह झाला असें वैद्य अनुमान करतात. नवल असें कीं, आरंभीं हा दाह जंतूंमुळें होत नसतो. तो कोंडलेल्या पित्ताच्या दाबानें व क्षोभानें होतो. जंतु मागाहून येतात. पण ते आले म्हणजे पिशवींत पू होऊं शकतो, भिंत कुजून फुटूं शकते. मधुमेहाच्या व वयोवृद्ध रुग्णांत तर हें सारें फारशा वेदनेवांचूनहि घडतें, म्हणून त्यांच्या बाबतींत अधिक सावधगिरी हवी.

दुसरी जागा मुख्य पित्तनलिकेची, आणि तीच अधिक घातक. पित्ताशयांतून निसटलेला खडा येथें अडकला, किंवा एखाद्या गांठीनें नलिका चेपली गेली, म्हणजे साऱ्या यकृताचें पित्त तुंबतें. नलिकेंतील दाब एरवीं बेताचाच असतो. तो सुमारें पंचवीस सेंटिमीटर पाण्याच्या दाबापलीकडे गेला कीं ओघ उलटा फिरतो, आणि पित्तांत वाढलेले जंतु व त्यांचें विष यकृतांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत ढकललें जातें. क्षणभर आधीं जो पोटांतला विकार होता, तो आतां सर्वांगाच्या रक्ताचा विकार होतो. हुडहुडी भरून ताप येतो तो यामुळें. पॅरिसचे प्रसिद्ध वैद्य शार्को यांनीं १८७७ सालीं या रोगाचीं तीन लक्षणें एकत्र सांगितलीं: उजव्या बाजूची पोटदुखी, थंडी वाजून ताप आणि कावीळ. १९५९ सालीं अमेरिकेंतील रेनॉल्ड्स व डार्गन यांनीं त्यांत आणखी दोन लक्षणांची भर घातली: रुग्णाचें भान हरपणें आणि रक्ताचा दाब घसरणें. हीं पांचहि एकत्र दिसलीं तर जीव वांचविण्यास कांहीं तासांचाच अवधि उरलेला असतो.

आतां घरांत काय होतें तें पाहावें. पोट दुखतें, तेव्हां आजीबाई म्हणतात, “वायगोळा आहे;” ओवा, हिंग आणि गरम पाण्याची पिशवी येते. दुसऱ्या दिवशीं थंडी वाजून ताप भरतो, तेव्हां शेजारी म्हणतात, “हिवताप दिसतो;” कोपऱ्यावरच्या दुकानांतून गोळ्या येतात. तिसऱ्या दिवशीं डोळे पिवळे दिसतात, तेव्हां सर्वांचें एकमत होतें, “अहो, ही तर कावीळ!” आणि मग कावीळ उतरविणाऱ्याचा पत्ता शोधला जातो. एकाच रोगाच्या तीन लक्षणांना तीन निराळीं नांवें मिळालीं आणि तीन मोलाचे दिवस गेले. एकेकटें घेतलें तर प्रत्येक अनुमान अगदींच वावगें नसतें. हीं तीन लक्षणें एकत्र आलीं म्हणजे त्यांचा अर्थ बदलतो, एवढेंच कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

कावीळ उतरविण्याची चाल महाराष्ट्रांत सर्वत्र आहे. कोणी पहांटे दुधांतून झाडपाल्याचा रस देतात, कोणी नाकांत थेंब सोडून पिवळें पाणी काढतात, कोणी चुन्याच्या पाण्यानें हात धुवून पाणी पिवळें झालेलें दाखवितात, तर कोणी मुळ्यांची माळ डोक्यावर ठेवतात. ती जसजशी लांबत उतरते, तसतशी कावीळ उतरते असें समजतात. या उपायांवर लोकांचा विश्वास बसला यास कारणहि आहे. पावसाळ्यांत दूषित पाण्यानें होणारी नेहमींची कावीळ हा यकृताचा दाह असून, तो बहुतेक रुग्णांत कांहीं आठवड्यांत आपोआप ओसरतो. त्या ओसरण्याचें श्रेय माळेला मिळतें. परंतु खडा अडकून झालेली कावीळ माळेनें उतरत नाहीं आणि पथ्यानेंहि उतरत नाहीं. कारण तेथें यकृत बिघडलेलें नसून त्याची मोरी तुंबलेली असते. दोहोंतला भेद घरच्या घरीं पुष्कळ अंशीं ओळखतां येतो. अडथळ्याच्या कावीळींत लघवी चहाच्या कोऱ्या काढ्यासारखी गडद होते, शौचाचा रंग मात्र फिका, मातकट पांढरा होतो, आणि अंगाला अतिशय खाज सुटते. अशा कावीळीबरोबर थंडीताप असेल, तर तो दिवस घरीं काढणें धोक्याचें. वृद्ध माणसाची न दुखतां वाढत जाणारी कावीळहि दुर्लक्षूं नये. तिच्यामागें कर्करोगाची गांठ असूं शकते. सिकल सेलच्या मुलांचे डोळे तर नेहमींच थोडे पिवळे असतात, आणि पोटदुखीचे झटकेहि त्यांना नवे नसतात. त्यामुळें त्यांच्या घरीं ‘नेहमींचेंच आहे’ ही समजूत सर्वांत सहज होते व सर्वांत महाग पडते.

पोटांत पू झाला असतां निव्वळ संयम उपयोगी पडत नाहीं, हा धडा वर्ध्याच्या भूमीला परका नाहीं. निसर्गोपचाराचे मोठे पुरस्कर्ते महात्मा गांधी १९२४ सालीं येरवड्याच्या तुरुंगांत असतांना त्यांना आंत्रपुच्छाचा दाह झाला. १२ जानेवारीच्या रात्रीं पुण्याच्या ससून रुग्णालयांत कर्नल मॅडॉक यांनीं त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. मध्येंच विजेचे दिवे गेले, तेव्हां कंदिलाच्या उजेडांत काम पुरें करावें लागलें. निसर्गोपचारावरील आपली श्रद्धा गांधीजींनीं पुढेंहि सोडली नाहीं. परंतु त्या रात्रीं शस्त्राला नकारहि दिला नाहीं. १९३६ सालीं ते वर्ध्याजवळच्या शेगांवीं राहावयास आले, आणि त्याच गांवाचें पुढें सेवाग्राम झालें. कस्तुरबांच्या निधनानंतर त्यांच्या नांवानें डॉ. सुशीला नय्यर यांच्या पुढाकारानें तेथें एक लहानसें रुग्णालय निघालें, आणि गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, १९६९ सालीं, त्याच्या जोडीला वैद्यकीय महाविद्यालय उभें राहिलें. सावंगी येथील महाविद्यालय १९९० सालचें.

या रोगावरील उपायांचाहि इतिहास मनोरंजक आहे. बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख यांनीं १५ जुलै १८८२ रोजीं प्रथमच एका रुग्णाचा पित्ताशय समूळ काढून टाकला. केवळ खडे काढण्यापेक्षां खडे बनविणारी पिशवीच काढावी, हा त्यांचा विचार त्या काळीं धाडसाचा वाटला. तोच आज सर्वमान्य आहे. पित्ताशयावांचून माणूस सुखानें जगतो, कारण पित्त बनविणारें यकृत शाबूत असतें. पोटावर मोठा छेद न घेतां दुर्बिणीनें ही शस्त्रक्रिया करण्याची रीत भारतांत प्रथम डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनीं १९९० सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत आणली. आरंभीं दाह शमेपर्यंत कित्येक आठवडे थांबण्याची पद्धति होती; आतां प्रकृति झेपण्यासारखी असेल तर पहिल्या कांहीं दिवसांतच पित्ताशय काढणें श्रेयस्कर मानतात. मुख्य नलिकेंतील खड्यासाठीं तर १९७४ पासून पोट फाडण्याचीहि गरज बहुधा उरली नाहीं. तोंडावाटे दुर्बीण घालून ओद्दीचें दार किंचित् कापतात आणि खडा आंतड्यांत ओढून काढतात. रुग्ण फारच क्षीण असेल तर आधीं नलिकेंत एक बारीक नळी बसवून पित्ताला वाट करून देतात.

वाट करून देणें हाच या रोगाचा खरा उपाय होय. औषध त्याचें साहाय्यक. कारण नलिका तुंबली असतां शिरेंतून दिलेलें औषध पित्तांत पुरेसें उतरत नाहीं. तथापि औषध लवकर सुरू होणें अगत्याचें असतें. रक्तदाब घसरलेल्या रुग्णाला तें तासाभराच्या आंत मिळावें, असा आजचा वैद्यकीय दंडक आहे. तें कोणतें द्यावयाचें, हें ठरविण्यासाठीं रुग्णाचें रक्त आणि नलिकेंतून मिळालेलें पित्त जंतुशास्त्राच्या प्रयोगशाळेंत जातें. तेथें पोषक द्रव्याच्या थाळींत त्याचें बीं पेरतात. शरीराच्या उष्णतेइतक्या उबेंत एका दिवसांत जंतूंच्या वसाहती उगवतात. मग त्यांच्याभोंवतीं निरनिराळ्या औषधांच्या चकत्या ठेवून, कोणत्या चकतीभोंवतीं वाढ खुंटते तें पाहतात. या थाळ्यांतून बहुधा आंतड्यांतलेच रहिवासी उगवतात: एशेरिकिया कोलाय सर्वांत अधिक, मग क्लेब्सिएल्ला, एंटरोकॉकस, आणि पूर्वीं नळी बसविलेल्या रुग्णांत स्यूडोमोनास. पूर्ण निकालास दोनतीन दिवस लागतात. तोंवर वैद्याला अनुभवानें औषध निवडावें लागतें.

येथेंच घरांतील एक संवय रुग्णाच्या आड येते. सर्दीपडशासाठीं चिठ्ठीवांचून आणलेल्या, अर्ध्यावर सोडलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्या आंतड्यांतल्या जंतूंना त्या औषधाची ओळख करून देतात. त्यांतले कच्चे मरतात, निबर उरतात व वाढतात. पुढें केव्हां तरी हेच निबर जंतु पित्तांत शिरतात, तेव्हां साधीं औषधें त्यांच्यापुढें निष्प्रभ ठरतात आणि अत्यंत महागड्या औषधांकडे धांव घ्यावी लागते. खोकल्यावर घेतलेल्या निष्कारण गोळीची किंमत अशी भलत्याच दिवशीं द्यावी लागते.

पित्ताशयांत गुपचूप राहणारा आणखी एक जंतु विषमज्वराचा. ताप उतरल्यावरहि कांहीं थोड्या लोकांच्या पित्ताशयांत, विशेषतः खड्यांवर थर करून, तो वर्षानुवर्षें राहतो आणि शौचावाटे बाहेर पडतो. न्यूयॉर्ककडील मेरी मॅलन ही स्वयंपाकीण स्वतः निरोगी दिसत असूनहि जेथें काम करी तेथें विषमज्वर पसरे. तिला १९०७ सालीं प्रथम व १९१५ सालीं पुन्हां, मरेपर्यंत, एकांतवासांत ठेवावें लागलें. स्वयंपाकापूर्वीं साबणानें हात धुण्याचा नियम किती अर्थपूर्ण आहे, हें या एका बाईच्या कहाणीवरून कळावें.

सारांश, गृहस्थाश्रमी माणसानें फार थोड्या गोष्टी ध्यानांत ठेवावयाच्या आहेत. खडा असल्याचें एकदां समजलें असेल, तर तो तपासणीचा कागद हातीं लागेल अशा जागीं ठेवावा. नलिकेंत प्लॅस्टिकची नळी बसविलेली असेल, तर ती सुमारें तीन महिन्यांच्या आंत काढावी किंवा बदलावी लागते. दुखणें थांबलें म्हणून तिचा विसर पडला, तर ती स्वतःच तुंबून जंतूंचें घर बनते. पोटाच्या उजव्या बाजूची कळ, थंडी वाजून ताप आणि कावीळ यांपैकीं दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर त्याच दिवशीं, आणि तिन्ही दिसल्या तर त्याच घटकेला, रुग्णास मोठ्या रुग्णालयांत न्यावें. आर्वी-आष्टीकडील खेड्यांतून संध्याकाळची गाडी चुकली तर सकाळपर्यंत थांबावें, असा मोह होणें साहजिक आहे. परंतु तुंबलेल्या पित्तांतील जंतु सकाळची वाट पाहत बसत नाहींत. रोगाला योग्य नांव वेळेवर मिळणें, हाच येथें अर्धा उपचार होय. आणि तें नांव देण्याची पहिली संधि वैद्याच्या आधीं घरच्या माणसांनाच मिळत असते.